बेडरूममधला रिमोट, हॉलमधला बॉक्स : भिंतीतल्याच टीव्ही केबलवरून सिग्नल कसा न्यायचा

प्रश्न थोडक्यात असा: डीटीएचचा सेट-टॉप बॉक्स हॉलमध्ये आहे. त्याचंच चित्र भिंतीतल्या जुन्या कोअ‍ॅक्स केबलवरून बेडरूमच्या टीव्हीवर घेतलंय. चॅनेल बदलायला मात्र दर वेळी उठून हॉलमध्ये जावं लागतं. भिंत न फोडता, नवी वायर न ओढता, त्याच केबलवरून रिमोटचा सिग्नल उलटा हॉलमध्ये नेता येईल का?

नेता येतो, आणि त्यासाठी लागणारे पार्ट इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतात. फक्त हत्यार हातात घेण्याआधी त्या केबलवर सध्या काय काय चालू आहे ते नीट पाहून घ्या. या कामात जळालेले बहुतेक बॉक्स सर्किट चुकल्याने जळत नाहीत, चुकीच्या केबलला हात घातल्याने जळतात.

घरात दिसायला अगदी सारख्या तीन केबली असू शकतात. पहिली गच्चीवरच्या छत्रीकडून बॉक्सच्या मागे येते. तिच्यावर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल असतो. शिवाय एलएनबीला (छत्रीवर बसवलेला, सिग्नल पकडून खाली पाठवणारा भाग) चालवायला बॉक्स तिच्यावरून वर १३ किंवा १८ व्होल्ट डीसी पाठवतो आणि बँड बदलायला २२ किलोहर्ट्झचा टोन. रिमोटचा कॅरिअर, म्हणजे त्याचा उजेड ज्या वेगाने लुकलुकतो ती फ्रिक्वेन्सी, असतो बहुधा ३६ ते ४० किलोहर्ट्झ, म्हणजे या टोनच्या अगदी शेजारी. या केबलला काहीही जोडायचं नाही. इथे चुकून शॉर्ट झाला तर बॉक्सचा एलएनबी सप्लाय जातो आणि दुरुस्तीचा खर्च नव्या बॉक्सच्या जवळपास पोचतो.

दुसरी केबल इमारतीच्या डक्टमधून केबलवाल्याकडून येते. केबलवाल्याच्या लाइनवरचे अ‍ॅम्प्लिफायर बऱ्याचदा त्याच केबलवरून दिलेल्या एसी सप्लायवर चालतात. हा एसी घरापर्यंत यायला नको, पण स्प्लिटर चुकीचा बसला असेल तर येतो. म्हणून डक्टमधल्या केबलचं टोक उघडं दिसलं की आधी मल्टीमीटर एसीवर ठेवून मधली तार आणि जाळी (तिच्याभोवतीचं धातूचं विणकाम) यांच्यातलं, तसंच जाळी आणि अर्थिंग यांच्यातलं व्होल्टेज बघा, मगच हात लावा.

आपल्या कामाची तिसरी: हॉल ते बेडरूम, दोन्ही टोकं घरातच असलेली. बिल्डरने कन्सील्ड वायरिंग करताना बहुधा प्रत्येक खोलीची केबल डक्टमध्ये किंवा माळ्यावर एका स्प्लिटरपाशी आणून सोडलेली असते. तो स्प्लिटर शोधून हॉल आणि बेडरूमच्या केबली त्यातून सोडवा आणि दोन एफ कनेक्टरमध्ये एक जॉइनर लावून थेट जोडा. हे टाळून पुढे गेलात तर काहीच चालणार नाही. साधा स्प्लिटर ५ मेगाहर्ट्झपासून वर काम करतो, आणि त्यातला फेराइटवरचा छोटा कॉइल डीसीच्या दृष्टीने मधली तार आणि जाळी शॉर्टच करून टाकतो. 'पॉवर पास' लिहिलेल्या स्प्लिटरमध्ये डायोड असतो, तो एकाच दिशेला जाऊ देतो, आणि आपल्याला नेमकी उलटी दिशा हवी असते.

केबल सोडवली की तपासणी. बेडरूमच्या टोकाला मधली तार आणि जाळी अ‍ॅल्युमिनियम फॉइलने शॉर्ट करा आणि हॉलच्या टोकाला ओहम मोजा. २० मीटर आरजी-६ (घरातल्या टीव्हीची नेहमीची केबल) असेल, मधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असेल, तर २ ते ३ ओहम यायला हवेत. पूर्ण तांब्याची असेल तर आणखी कमी. १५-२० ओहम दाखवत असेल तर कुठेतरी जॉइंट गंजलाय. मुंबई, कोकण, गोवा या खाऱ्या हवेच्या पट्ट्यात पिळून बसवायचे एफ कनेक्टर हमखास असे होतात, तिथे क्रिम्प किंवा कॉम्प्रेशनचेच वापरा. फॉइल काढल्यावर मीटरने 'ओपन' दाखवायला हवं. काही किलोओहम दाखवत असेल तर भिंतीवरच्या टीव्ही सॉकेटच्या आत रेझिस्टर आहे, आणि फॉइल लावूनही ओपनच दिसत असेल तर कपॅसिटर. दोन्ही वेळा सॉकेट बदलून साधं, थेट जोडणीचं लावा. जाळीचा एक केसासारखा तंतू मधल्या तारेला चिकटला तरी शॉर्ट होतो, म्हणून कनेक्टर बसवण्याआधी जाळी पूर्ण मागे दुमडा आणि टोक डोळ्यांसमोर धरून बघा.

आता मूळ अडचण. रिमोटचा उजेड पकडणाऱ्या डोळ्याला, म्हणजे आयआर रिसीव्हरला, तीन तारा लागतात: सप्लाय, ग्राउंड आणि सिग्नल. कोअ‍ॅक्समध्ये दोनच. या एका तारेच्या तुटवड्यावर कसा मार्ग काढायचा, त्यावरच सगळी डिझाइन्स वेगळी होतात. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे डोळ्याला सप्लाय बेडरूममध्येच ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरमधून द्यायचा. मग केबलवर उरतात फक्त ग्राउंड आणि सिग्नल, आणि दोन तारा पुरतात. टीव्हीच्या मागे प्लग पॉइंट असतोच, त्यामुळे ही अडचण फार जणांना पडत नाही.

ब्रिटनमध्ये १९९८पासूनच्या स्काय डिजिटलच्या बॉक्सनी याच प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या टोकाने काढलं होतं. बॉक्सच्या दुसऱ्या आरएफ आउटपुटमधून ९ व्होल्ट केबलवर सोडायचे आणि दुसऱ्या खोलीतला छोटा 'मॅजिक आय' त्याच सप्लायवर चालून बटणांचा सिग्नल त्याच केबलवरून परत पाठवायचा. हे ९ व्होल्ट बॉक्सच्या मेनूमधून चालू करावे लागत, आणि तिथेही 'डोळा चालत नाही' या तक्रारीमागे बहुधा हाच सप्लाय बंद असणं किंवा मध्ये बसलेला चुकीचा अ‍ॅम्प्लिफायर असे. आपल्याकडच्या बॉक्सना अशी सोय नसल्याने डोळाही आपलाच आणि सप्लायही आपलाच.

सर्किट. बेडरूमच्या बाजूला टीएसओपी ३८२३८ हा डोळा घ्या. टीएसओपी १७३८ असेल तरी चालेल, पण दोघांच्या पायांचा क्रम वेगळा आहे. ३८२३८ समोरून बघताना डावीकडून आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. १७३८ मध्ये ग्राउंड, सप्लाय, आउटपुट. एकाच्या जागी दुसरा लावून सप्लाय दिला की डोळा गेला. सप्लायच्या पायाला १०० ओहममधून ५ व्होल्ट आणि पायाशीच ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला. स्वस्त चार्जरच्या गोंगाटाने डोळा बहिरा होतो, तो याने वाचतो.

टीएसओपी ३८ किलोहर्ट्झचा कॅरिअर काढून टाकतो आणि फक्त कोड बाहेर देतो. रिमोट शांत असताना आउटपुट वर, बटण दाबल्यावर बर्स्टपुरतं खाली. हे आउटपुट थेट केबलवर सोडू नका. आतला पुल-अप (आउटपुट वर ओढून धरणारा रेझिस्टर) ३० किलोओहमच्या आसपास आहे, केबलची कपॅसिटन्स मीटरला सुमारे ५० पिकोफॅरड, शिवाय सिग्नल उलटा. मध्ये एक बीसी५५७ ट्रान्झिस्टर टाका: एमिटर ५ व्होल्टला, बेस ४.७ किलोओहममधून टीएसओपीच्या आउटपुटला, बेस आणि एमिटरच्या मध्ये १० किलोओहम, कलेक्टर १०० ओहममधून केबलच्या मधल्या तारेला. जाळी म्हणजे ग्राउंड. आता बटण दाबलं की लाइन वर जाते, एरवी शून्यावर बसते. शून्यावर बसणं महत्त्वाचं, कारण केबल निघाली किंवा चार्जर बंद असला तर हॉलमधला एलईडी उगाच जळत राहत नाही.

हॉलच्या बाजूला मधली तार आणि जाळी यांच्यामध्ये ४७० ओहम. इथे बर्स्टच्या वेळी साधारण ४ व्होल्ट मिळतात. तीच तार ७५५५ या टायमर आयसीच्या (टीएसओपीने काढून टाकलेला कॅरिअर तो पुन्हा तयार करतो) ४ नंबरच्या पायाला, म्हणजे रिसेटला. साधा ५५५ही चालतो, पण त्याचा रिसेट पाय स्वतः करंट बाहेर ढकलतो, म्हणून ४७० ओहमच्या जागी मोठी किंमत टाकायचा मोह टाळा. ८ आणि ७ या पायांमध्ये २.२ किलोओहम. ७ आणि ६ मध्ये १५ किलोओहम आणि त्याच्या मालिकेत ५ किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). २ आणि ६ एकत्र जोडून तिथून ग्राउंडला १ नॅनोफॅरड. फ्रिक्वेन्सीचं सूत्र: १.४४ भागिले [(आरए + २ आरबी) गुणिले सी]. आरए म्हणजे २.२ किलोओहम, आरबी म्हणजे १५ किलोओहम आणि प्रीसेट मिळून, सी म्हणजे १ नॅनोफॅरड. प्रीसेट मध्यापेक्षा थोडा वर, आरबी १८ किलोओहम धरला, तर ३७.७ किलोहर्ट्झ येतात. प्रीसेट फिरवून ३४ ते ४४ पर्यंत जाता येतं. सोनीचे रिमोट ४० वर चालतात आणि फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीचे ३६ वर, दोन्ही या टप्प्यात बसतात.

१ नॅनोफॅरडचा कपॅसिटर पॉलिस्टर घ्या, ५ टक्क्यांचा. '१०२' छापलेली बिस्किटासारखी सिरॅमिक डिस्क वीस टक्के इकडे-तिकडे असू शकते. मग 'सर्किट तर जसंच्या तसं केलं, पण बॉक्स ऐकतच नाही' अशी वेळ येते, आणि माणूस चुकीच्या ठिकाणी दोष शोधत बसतो.

७५५५ च्या ३ नंबरच्या पायातून २.२ किलोओहममधून बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा बेस. त्याच्या कलेक्टरला आयआर एलईडी आणि १५० ओहम मालिकेत, ५ व्होल्टपर्यंत. एलईडीतून २०-२२ मिलिअ‍ॅम्पिअर जातात. हवेतून दहा फूट उजेड फेकायचा नाही, बॉक्सच्या काचेला चिकटवायचंय, तेवढ्याला हे पुरतं. बीसी५४७ आणि बीसी५५७ एकाच पाकिटात आणले की अदलाबदल होतेच, नंबर भिंगातून वाचा.

केबलवर टीव्हीचं चित्र नसेल, म्हणजे पूर्वी केबल होती पण आता बेडरूमचा टीव्ही वायफायवर आहे आणि ती रिकामी पडली आहे, तर काम इथेच संपलं. पण तुमच्या प्रश्नात चित्रही त्याच केबलने जातंय. बॉक्सच्या एव्ही आउटपुटला मॉड्युलेटर लावून चित्र यूएचएफच्या एखाद्या चॅनेलवर, म्हणजे ४७० ते ८६० मेगाहर्ट्झच्या मध्ये, चढवलेलं असेल, तर पल्सचे ४ व्होल्ट टीव्हीच्या ट्यूनरमध्ये किंवा मॉड्युलेटरमध्ये जाऊ द्यायचे नाहीत. दोन्ही टोकांना वाटा वेगळ्या कराव्या लागतील.

हातानेही हे करता येतं: आरएफच्या वाटेत ४७० पिकोफॅरडचा सिरॅमिक, पल्सच्या वाटेत १० मायक्रोहेन्रीचा चोक (कॉइल). आकडे बघा. ३८ किलोहर्ट्झला तो कपॅसिटर जवळपास ९ किलोओहमची भिंत, ५०० मेगाहर्ट्झला एक ओहमही नाही. चोकचं बरोबर उलटं. पण इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला पार्टचे पाय ५ मिलिमीटरपेक्षा लांब राहिले की ते स्वतःच कॉइल होतात, आणि पत्र्याची डबी नसेल तर चित्रात मुंग्या येतात.

त्यापेक्षा सोपी युक्ती. छत्री आणि साधा अँटेना एकाच केबलवर आणायला दुकानात डिप्लेक्सर मिळतो. त्याला तीन तोंडं: एक सामाईक, एक 'सॅट', एक 'व्हीएचएफ/यूएचएफ'. सॅटच्या वाटेत डीसी आणि २२ किलोहर्ट्झचा टोन जाऊ देणारा चोक आधीपासून बसवलेला असतो, कारण एलएनबीला सप्लाय तिथूनच द्यायचा असतो. आपले पल्स त्या टोनपेक्षाही संथ, ते त्याच वाटेने आरामात जातात. म्हणजे दोन डिप्लेक्सर घ्या, प्रत्येक टोकाला एक. सामाईक तोंड भिंतीतल्या केबलला. व्हीएचएफ/यूएचएफचं तोंड हॉलमध्ये मॉड्युलेटरला आणि बेडरूममध्ये टीव्हीला. सॅटची दोन्ही तोंडं आपल्या दोन सर्किटांना. विकत घेण्याआधी दुकानातच मीटरने बघा: सामाईक ते सॅट शून्य ओहम, सामाईक ते व्हीएचएफ/यूएचएफ ओपन, आणि कुठल्याही तोंडाची मधली पिन ते बाहेरचं धातूचं अंग ओपन. काही मॉडेलमध्ये डीसी सगळ्या तोंडांतून जातो, ती इथे चालत नाहीत. लेबल लावून ठेवा. दोन वर्षांनी कुणीतरी 'सॅट' वाचून त्या तोंडाला छत्रीची केबल लावायला जाईल.

मध्ये कुठे केबलचा बूस्टर असेल तर तो एकेरी रस्ता आहे. बूस्टरच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक डिप्लेक्सर लावून पल्ससाठी वळसा काढता येतो, पण घरातल्या २०-२५ मीटरसाठी बूस्टरची गरजच बहुधा नसते. काढून बघा.

बसवताना जास्तीत जास्त वेळ एलईडीच्या जागेवर जातो. बॉक्सच्या पुढच्या काळ्या पट्टीमागे डोळा कुठे आहे ते टॉर्च तिरकी मारून शोधा. काचेमागे छोटा काळा फुगवटा दिसतो. एलईडी बरोबर त्यावर येऊ द्या. बटण एकदा दाबून चॅनेल दोनदा सरकत असेल तर उजेड जास्त होतोय, एलईडी सेंटीमीटरभर बाजूला घ्या. वरून झाकणं आवश्यक. हॉलचा टीव्ही आणि बेडरूमचा टीव्ही एकाच कंपनीचे असतील तर बेडरूममध्ये आवाज कमी केला की एलईडीचा उजेड भिंतीवर आपटून हॉलच्या टीव्हीचाही आवाज कमी होतो, आणि हॉलमध्ये मॅच बघणाऱ्यांशी भांडण. काळ्या इन्सुलेशन टेपवर भरवसा ठेवू नका. बॉक्सची काळी पट्टीसुद्धा आपल्या डोळ्याला काळी दिसते आणि इन्फ्रारेडला काच असते, काही टेपांचंही तसंच. आधी टेपने झाकून वर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा, मग पुन्हा टेप. फॉइल एलईडीच्या पायांना लागू देऊ नका.

बेडरूममधला डोळा टीव्हीच्या चौकटीला चिकटवू नका, हातभर बाजूला ठेवा, आणि खिडकीच्या उन्हाकडे तोंड नको. सीएफएलच्या चोकची फ्रिक्वेन्सी ३० ते ६० किलोहर्ट्झच्या दरम्यान, म्हणजे रिमोटच्याच गल्लीत. काही स्वस्त एलईडी बल्बही त्रास देतात. दिवा लावल्यावरच रिमोट अडखळत असेल तर दोषी दिवाच.

चालत नसेल तर बेडरूमकडून हॉलकडे टप्प्याटप्प्याने या. टीएसओपीचं आउटपुट शांतपणी ५ व्होल्टच्या जवळ असतं, बटण दाबताना खाली थरथरतं. तसं नसेल तर दोष डोळ्यात, पायांच्या क्रमात किंवा दिव्यात. हॉलच्या टोकाला ४७० ओहमवर शांतपणी शून्य, आणि बटण पुन्हा पुन्हा दाबताना आकडा एक व्होल्टच्या आसपास नाचतो. नुसतं दाबून धरलं तर तो बराच खाली येतो, कारण एनईसी पद्धतीचा रिमोट पहिल्या पूर्ण कोडनंतर दर १०८ मिलिसेकंदांनी फक्त एक छोटा 'तेच पुन्हा' पाठवतो. बेडरूममध्ये ठीक आणि इथे शून्य असेल तर केबल, सॉकेट किंवा डिप्लेक्सर उलटा. इथेही ठीक असेल तर मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून एलईडीकडे बघा. बटणासोबत जांभळट चमक दिसते. मागचा कॅमेरा वापरू नका, त्यावर बहुधा इन्फ्रारेड फिल्टर असतो. चमक आहे पण बॉक्स ढिम्म, तर प्रीसेट हळूहळू फिरवा. काही बॉक्स ५६ किलोहर्ट्झचे असतात. त्यांना १ नॅनोफॅरडच्या जागी ६८० पिकोफॅरड आणि डोळाही ५६ चाच, टीएसओपी ३८२५६.

हे सगळं करण्याआधी एक साधी चाचणी. रिमोटवर हात घट्ट झाकून, किंवा दाराआडून, चॅनेल बदलून बघा. बदललं तर रिमोट ब्लूटूथचा आहे. अँड्रॉइडवाल्या नव्या बॉक्समध्ये बरेचदा तसंच असतं, आणि मग या सर्किटाचा उपयोग नाही. रिमोट बेडरूममध्ये नेऊन बघा, सिमेंटच्या एका भिंतीपलीकडून तो कित्येकदा आपोआपच चालतो.

मॉड्युलेटरचं चित्र जुन्या धाटणीचं, आवाज बहुधा मोनो, आणि काही नव्या टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनरच नसतो. एचडी हवं असेल तर कोअ‍ॅक्सवरून एचडीएमआय नेणारी जोडी मिळते, तिच्यात रिमोटची उलटी वाट बऱ्याचदा आधीच असते. तिथे होणारी चूक एकच, वायरी उलट्या लावण्याची. बरोबर जोडणी अशी: डोळ्याची वायर टीव्हीकडच्या डबीच्या 'आयआर इन'मध्ये जाते आणि एलईडीची वायर बॉक्सकडच्या डबीच्या 'आयआर आउट'मध्ये. जॅक दोन्हींचे ३.५ मिलिमीटरचेच, म्हणून उलटे बसतात आणि कुणाला कळत नाही. एका कंपनीचा डोळा दुसऱ्या कंपनीच्या डबीत लावू नका, आतल्या जोडणीचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो, कधीकधी सप्लाय थेट सिग्नलच्या तारेवर येतो.